रायचौधुरींचे समीकरण आणि संदर्भोल्लेखांचा हिशेब

एखाद्या भौतिकशास्त्रज्ञाच्या कामाचे मोल ठरवताना आज जे आकडे पुढे केले जातात, त्यांत त्याने प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांची संख्या, इतर संशोधकांनी त्या निबंधांचा किती वेळा संदर्भ दिला त्याची बेरीज आणि या दोहोंतून काढलेला एच-निर्देशांक हे तीन आकडे बहुधा असतातच. नेमणूक, बढती, अनुदान आणि पुरस्कार यांचे निर्णय घेणाऱ्या समित्यांपर्यंत प्रत्यक्ष निबंध क्वचित पोहोचतात, आकडे मात्र हमखास पोहोचतात. दरवर्षी ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञ’ अशी यादी जाहीर झाली की आपल्या विद्यापीठातील कोणाकोणाचे नाव तीत आले याच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत झळकतात. ही यादी स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या व्यावसायिक माहितीसाठ्यातील संदर्भोल्लेखांवरून तयार करतात आणि तिच्यासाठी कोणीही निबंधांचा आशय तपासलेला नसतो, हा तपशील बातमीत सहसा येत नाही. हे आकडे नेमके काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, हे पाहण्यासाठी गुरुत्वाकर्षण आणि खगोलभौतिकी ही क्षेत्रे विशेष सोयीची आहेत, कारण येथे एखादी कल्पना मांडली जाणे आणि तिचा प्रत्यय येणे यांत कित्येकदा पन्नास-पन्नास वर्षांचे अंतर पडलेले आहे आणि त्या काळात त्या कल्पनेच्या वाट्याला आलेल्या संदर्भांचा चढउतार आता पूर्णपणे तपासता येतो.

संदर्भोल्लेख, म्हणजेच विद्यापीठीय बोलीतील सायटेशन, ही मुळात ऋण मान्य करण्याची रीत आहे. आपल्या निबंधात ज्याचे समीकरण, निरीक्षण किंवा पद्धत वापरली, त्याच्या निबंधाची नोंद शेवटच्या यादीत करायची, इतकाच तिचा अर्थ होता. या नोंदी उलट दिशेने लावल्या, म्हणजे एखाद्या जुन्या निबंधाचा पुढे कोणी कोणी उपयोग केला याची सूची केली, तर ज्ञानाचा माग काढता येईल, ही कल्पना यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. अमेरिकेतील वकिलांना एखाद्या निकालाचा आधार पुढील कोणकोणत्या निकालांत घेतला गेला हे दाखवणारी एक जुनी सूची उपलब्ध होती, तिच्यावरून ही कल्पना त्यांना सुचली, आणि १९६४ पासून फिलाडेल्फिया येथील त्यांच्या संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. हेतू वाङ्मय शोधण्याचा होता. माणसे मोजण्यासाठी तिचा वापर नंतर सुरू झाला. या वापराला आजचे रूप आले ते २००५ मध्ये, जेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-निर्देशांक सुचवला. ज्या संशोधकाच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस संदर्भ मिळाले आहेत, पण एकवीस निबंधांना प्रत्येकी एकवीस मिळालेले नाहीत, त्याचा निर्देशांक वीस, अशी त्याची सोपी व्याख्या आहे. हिर्श यांच्या त्या मूळ निबंधातच एडवर्ड विटन यांचा निर्देशांक ११० आणि स्टीफन हॉकिंग यांचा ६२ असा दिलेला आहे. या व्याख्येत दडलेली एक अट ध्यानात घेण्यासारखी आहे: ज्याने आयुष्यात पाचच निबंध लिहिले, त्याचा निर्देशांक पाचाच्या वर जाऊच शकत नाही, मग त्या प्रत्येक निबंधाने शास्त्राची दिशा बदललेली असली तरीही.

गारफील्ड यांचा लेख ज्या वर्षी प्रसिद्ध झाला, त्याच १९५५ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’ या अमेरिकी नियतकालिकात ‘सापेक्षतावादी विश्वरचनाशास्त्र’ अशा अर्थाच्या साध्या शीर्षकाचा एक निबंध छापून आला होता आणि त्याचे लेखक होते कोलकात्याचे अमलकुमार रायचौधुरी. १४ सप्टेंबर १९२३ रोजी बारिसाल येथे जन्मलेले रायचौधुरी त्या वेळी तिशीत होते, त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती, या विषयातील मार्गदर्शकही नव्हता. आशुतोष कॉलेजात काही काळ शिकवल्यानंतर १९५२ मध्ये ते इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत संशोधक म्हणून रुजू झाले, पण तेथे त्यांच्याकडून अपेक्षा होती ती धातूंच्या गुणधर्मांवर काम करण्याची; व्यापक सापेक्षतेचा अभ्यास त्यांना नेमून दिलेल्या कामाच्या पलीकडे, स्वतःच्या जिद्दीवर करावा लागला. निबंध त्यांनी १९५३ मध्ये पाठवला होता आणि तो छापून येण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

त्या निबंधातील प्रश्न समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश आणि काळ यांच्या एकत्रित रचनेला आलेली वक्रता होय. अलेक्झांडर फ्रीडमान यांनी १९२२ मध्ये या सिद्धांताची समीकरणे संपूर्ण विश्वासाठी सोडवली, तेव्हा विश्व प्रसरण पावू शकते असे दिसले आणि ते प्रसरण मागे मागे नेत गेल्यास एका क्षणी सर्व पदार्थ अमर्याद घनतेला पोहोचतो असेही निघाले. जेथे घनता अमर्याद होते आणि समीकरणे पुढचे काहीच सांगू शकत नाहीत, त्या अवस्थेला सिंग्युलॅरिटी म्हणतात. मात्र फ्रीडमान यांनी विश्व सर्वत्र आणि सर्व दिशांना अगदी सारखे आहे असे गृहीत धरले होते, आणि त्यामुळे अनेकांना अशी शंका होती की ही सिंग्युलॅरिटी निसर्गातली नसून त्या आदर्श सममितीने निर्माण केलेली आहे. प्रत्यक्ष विश्वात थोडी असमानता असली की मागे जाताना पदार्थाचे प्रवाह एका ठिकाणी न मिळता एकमेकांच्या बाजूने निघून जातील, असा त्यांचा तर्क होता.

रायचौधुरींनी ही सममितीची अटच काढून टाकली. केवळ गुरुत्वाकर्षणाच्या अधीन राहून प्रवास करणाऱ्या कणांच्या मार्गांचा एक जुडगा त्यांनी विचारात घेतला आणि त्या जुडग्याचे आकारमान काळानुसार कसे बदलते हे विचारले. त्यांच्या समीकरणानुसार हा बदल काही मोजक्याच गोष्टींवर अवलंबून असतो: जुडगा किती वेगाने पसरत किंवा आक्रसत आहे, त्याचा आकार गोलाचा लांबट होत असल्यास ती विकृती किती आहे, तो स्वतःभोवती फिरत असल्यास ते परिवलन किती आहे, आणि त्या ठिकाणी पदार्थ व ऊर्जा किती आहे. यांपैकी पदार्थाचे गुरुत्व आणि आकारातील विकृती या दोन्ही गोष्टी मार्गांना एकमेकांकडे ओढतात, तर परिवलन त्यांना दूर ठेवू पाहते. परिवलन नसेल आणि मार्ग एकदा जवळ येऊ लागले असतील, तर मर्यादित काळात ते एकत्र येतातच. म्हणजे ज्या असमानतेने सिंग्युलॅरिटी टळेल असे वाटत होते, तिच्यातील विकृतीचा भाग उलट तिला हातभारच लावतो, असा हा अनपेक्षित निष्कर्ष होता. अशाच स्वरूपाचा विचार रशियात लेव्ह लांडाऊ यांनीही स्वतंत्रपणे केला होता, त्यामुळे काही ग्रंथांत समीकरणाला दोघांची नावे जोडलेली आढळतात.

या निबंधाची दखल सुरुवातीला फार थोड्यांनी घेतली, आणि त्याचे कारण निबंधात नसून त्या काळात होते. १९५० च्या दशकात व्यापक सापेक्षतेवर काम करणारे लोक जगभरात मूठभरच होते, बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ अणुकेंद्र आणि मूलकण यांच्या मागे होते, आणि जेथे वाचणारेच कमी तेथे संदर्भ देणारे कोठून येणार? पण त्या मूठभरांत जर्मनीतील ओटो हेकमान व एंगेलबर्ट शुकिंग होते, हॅम्बुर्गचे पास्कुआल जॉर्डन होते, आणि त्यांनी हे काम उचलून धरले आहे असे कळल्यानंतरच रायचौधुरींना आपला प्रबंध कलकत्ता विद्यापीठाकडे सादर करण्याचा धीर आला. त्याच्या परीक्षकांपैकी एक, अमेरिकेतील जॉन आर्चिबाल्ड व्हीलर, यांनी त्या कामाची विशेष प्रशंसा केली. संदर्भोल्लेखांचे खरे सामर्थ्य कोठे असते ते या प्रसंगात दिसते. योग्य माणसाने, काम समजून घेऊन, त्याच्यावर पुढचे काम उभारण्यासाठी दिलेले दोन-तीन संदर्भ एका एकाकी संशोधकाला त्याच्या शास्त्रात जागा मिळवून देऊ शकले. बेरीज मात्र त्या वेळी कोणीही केली असती तरी तिच्यात लक्ष वेधण्यासारखे काहीच सापडले नसते.

पुढचा इतिहास प्रसिद्ध आहे. रॉजर पेनरोझ यांनी १९६५ मध्ये अवघ्या तीन पानांच्या निबंधात असे सिद्ध केले की एखादा वजनदार तारा स्वतःत कोसळू लागून एका मर्यादेपलीकडे गेला की त्याच्या आकाराची कोणतीही अनियमितता सिंग्युलॅरिटी टाळू शकत नाही. हॉकिंग यांनी तोच विचार संपूर्ण विश्वाला लावला, आणि १९७० मध्ये दोघांनी मिळून त्याला व्यापक रूप दिले. या सर्व सिद्धतांच्या मुळाशी मार्ग एकत्र येण्याचा जो युक्तिवाद आहे, तो रायचौधुरींच्या समीकरणाचा, किंवा त्याच्या प्रकाशकिरणांसाठी केलेल्या रूपाचा आहे. कृष्णविवराच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ कमी होऊ शकत नाही हा हॉकिंग यांचा सिद्धांतही त्यावरच उभा आहे, आणि टेड जेकबसन यांनी १९९५ मध्ये उष्मागतिकीच्या नियमांवरून आइन्स्टाइन यांची समीकरणे मिळवली तेव्हाही हेच समीकरण कामी आले. पेनरोझ यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. रायचौधुरी त्यापूर्वीच, १८ जून २००५ रोजी निवर्तले होते.

येथे मोजणीतील एक विचित्र गोष्ट आड येते. समीकरण जितके रूढ होत गेले, तितका मूळ निबंध यादीतून गळत गेला. हॉकिंग आणि जॉर्ज एलिस यांचा अवकाश-काळाच्या रचनेवरील ग्रंथ १९७३ मध्ये आला आणि समीकरण त्यातून शिकणारी पिढी त्या ग्रंथाचा संदर्भ देऊ लागली. त्यानंतरच्या पिढीला तेवढीही गरज वाटेना, कारण ‘रायचौधुरी समीकरण’ हे नाव पाठ्यपुस्तकातील कोणत्याही संज्ञेसारखे नुसते लिहिले तरी पुरत होते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराचे वर्णन सामावले जाण्यातून पुसले जाणे असे केले आहे. कृष्णविवरांवर लिहिणारे कार्ल श्वार्झशिल्ड यांचे नाव पानोपानी घेतात, पण त्यांचा १९१६ चा निबंध यादीत क्वचितच दिसतो. थोडक्यात, संशोधनाचा प्रभाव एका मर्यादेपलीकडे वाढला की मोजपट्टीवर तो कमी दिसू लागतो, आणि जी मोजपट्टी सर्वांत मोठ्या गोष्टींनाच आखूड दाखवते, तिच्यावर शास्त्रज्ञांचे क्रम लावणे धाडसाचे आहे.

भारतीय गुरुत्व-संशोधनात असा विलंब अपवादात्मक नाही. मूळचे कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत असताना त्यांच्या मार्गदर्शनाखाली प्रह्लाद चुनीलाल वैद्य यांनी प्रकाश बाहेर टाकत वस्तुमान गमावणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वक्षेत्राचे गणित मांडले आणि ते १९४३ मध्ये बंगळूरच्या ‘करंट सायन्स’मध्ये छापले, त्याचे महत्त्व जगाला पटले ते १९६३ मध्ये क्वेसारांचा शोध लागून प्रचंड ऊर्जा ओतणाऱ्या खस्थ पदार्थांचा विचार सुरू झाल्यावर. सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की धक्का बसलेले कृष्णविवर ठरावीक, झपाट्याने विरत जाणाऱ्या कंपनांनी शांत होते. तेव्हा कृष्णविवरे आहेत की नाहीत याचीच खात्री नव्हती, आणि गुरुत्वीय लहरींचा पहिला थेट शोध जाहीर करणाऱ्या २०१६ च्या निबंधात त्या कामाचा संदर्भ आला तो सेहेचाळीस वर्षांनी.

तो शोध पुण्याशीही जोडलेला आहे. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत एकरूप होतात तेव्हा निघणारी लहर पृथ्वीवर पोहोचेपर्यंत इतकी क्षीण होते की उपकरणातील गोंधळात ती बुडून जाते. मात्र लहरीचा आकार आधीच गणिताने माहीत असेल, तर तो आकार नोंदींवरून सरकवत नेऊन कोठे जुळतो हे पाहता येते. अडचण अशी की त्या दोन वस्तूंची वस्तुमाने माहीत नसतात, म्हणून संभाव्य आकारांचा साठा तयार ठेवावा लागतो आणि तो किती दाट असावा हे ठरवावे लागते: फार विरळ ठेवला तर लहर निसटते, फार दाट ठेवला तर संगणक पुरे पडत नाहीत. आयुका या पुण्याच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये या प्रश्नाला हात घातला, तेव्हा लहर पकडू शकणारे एकही उपकरण अस्तित्वात नव्हते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी, योगायोगाने रायचौधुरींच्या जन्मतिथीलाच, पहिली लहर नोंदली गेली, आणि तिची छाननी करताना सुमारे अडीच लाख आकारांचा साठा वापरण्यात आला. सूर्याच्या अनुक्रमे सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची ती कृष्णविवरे होती.

त्या शोधाच्या निबंधावर एक हजारांहून अधिक नावे आहेत, आणि २०१७ मध्ये न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाचे लहरी व प्रकाश या दोन्ही मार्गांनी निरीक्षण झाले तेव्हा निघालेल्या एका एकत्रित निबंधावर तीन हजारांहून अधिक. रूढ मोजणीत अशा निबंधाचा प्रत्येक संदर्भ यादीतील प्रत्येकाच्या खात्यावर पूर्ण जमा होतो. आरशांच्या टांगणीवर वीस वर्षे घालवणारा आणि गेल्या वर्षी गटात आलेला यांच्यात ती भेद करत नाही. एकट्याने, कागदावर काम करणाऱ्या सापेक्षतावाद्याची तुलना याच मोजपट्टीने या गटातील सदस्याशी केली जाते, तेव्हा ती तुलना दोघांवरही अन्याय करणारी ठरते, कारण मोठ्या गटातील माणसाचे खरे कर्तृत्वही त्या फुगलेल्या आकड्यामागे झाकले जाते.

निबंधाचा प्रकारही आकडा बदलतो. खगोलभौतिकीत दहा हजारांहून अधिक संदर्भ मिळालेल्या निबंधांत निकोलाय शाकुरा आणि रशीद सुन्यायेव्ह यांचा कृष्णविवराभोवतीच्या तप्त चकतीविषयीचा १९७३ चा मूलगामी निबंध आहे, तसाच आकाशगंगेतील धुळीचा १९९८ मध्ये तयार केलेला नकाशाही आहे. तो नकाशा उपयुक्तच आहे आणि जो जो दूरची दीर्घिका पाहील त्याला लागणारच, पण उपयोगाची वारंवारता आणि कल्पनेची खोली या वेगळ्या गोष्टी आहेत. आढावा घेणाऱ्या लेखांनाही भरघोस संदर्भ मिळतात. आयुकातील थानू पद्मनाभन यांनी गुरुत्वाकर्षण आणि उष्मागतिकी यांच्या नात्यावर दीर्घकाळ जे स्वतंत्र चिंतन केले, ते त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य मानले जाते. विश्वस्थिरांकावरील त्यांच्या २००३ च्या विस्तृत आढाव्याला मात्र गर्दीच्या विषयाचा लाभ झाला, कारण विश्वाचे प्रसरण वेगावत असल्याचे १९९८ मध्ये आढळल्यापासून त्या विषयावर लिहिणाऱ्यांची रीघ लागली होती.

गर्दीच्या विरुद्ध जाणाऱ्याचा हिशेब याच्या नेमका उलट असतो. जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्यासमवेत महास्फोटाला पर्याय शोधण्याचा मार्ग धरला, १९६५ मध्ये वैश्विक सूक्ष्मलहरी सापडल्यावर बहुसंख्य शास्त्रज्ञ दुसरीकडे गेल्यानंतरही तो सोडला नाही, आणि १९९३ मध्ये हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह सुधारित प्रतिकृती मांडली. पुराव्याचे पारडे महास्फोटाकडे झुकलेले आहे हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की अल्पमतातील कामाला मिळणारे कमी संदर्भ हा काही अंशी डोकी मोजण्याचाच परिणाम असतो, शिवाय त्या संदर्भांतील किती खंडनासाठी दिलेले आहेत हे मोजणी सांगत नाही. त्यांनी मराठीत लिहिलेल्या विज्ञानपर पुस्तकांनी काही पिढ्या घडवल्या, आणि त्यांची नोंद कोणत्याही निर्देशांकात नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

असे असले तरी आकडे सरसकट फेकून देण्याची मागणी आपल्याकडे तरी अंगलट येणारी आहे. निवड समित्यांच्या मर्जीवर आणि वशिल्यावर विश्वास नाही, म्हणून तर मोजता येईल असे काही हवे ही मागणी पुढे आली, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये अध्यापकांच्या कामाला गुण देण्याची पद्धत आणली त्यामागेही मनमानीला लगाम घालण्याचा हेतू होता. वशिला नसलेल्या, आडगावच्या महाविद्यालयातील संशोधकाला बाहेरच्या जगाने दिलेला संदर्भ हाच कधी कधी एकमेव साक्षीदार असतो. रायचौधुरींच्या बाबतीत तेच घडले. बिघाड झाला तो साक्ष न ऐकता साक्षीदारांची शिरगणती करण्याने. गुण निबंधांच्या संख्येवर मिळतात म्हटल्यावर पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके उगवली, परस्परांचे संदर्भ देण्याचे साटेलोटे सुरू झाले, आणि हिर्श यांनी स्वतः २०२० मध्ये लिहिले की त्यांचा निर्देशांक सपशेल चुकू शकतो आणि त्याचे गंभीर दुष्परिणाम झाले आहेत.

सॅन फ्रान्सिस्को येथे २०१२ मध्ये तयार झालेल्या एका जाहीरनाम्याने नियतकालिकांच्या आकड्यांवरून संशोधकांचे मूल्यमापन करू नये असे सुचवले आहे, पण आपल्या विद्यापीठांना त्याहून साधा नियम पुरेसा आहे. प्रत्येक उमेदवाराने स्वतःचे तीनच निबंध निवडून द्यावेत, त्या प्रत्येकाचा उपयोग पुढे कोणी, कशासाठी केला हे दोन-चार उदाहरणांनी सांगावे, आणि समितीतील त्या विषयाच्या जाणकाराने ते तीन निबंध वाचून आपले मत इतिवृत्तात सहीनिशी नोंदवावे. एच-निर्देशांक त्या इतिवृत्ताला जोडपत्र म्हणून लावायला हरकत नाही.